पानिपतच्या वाटेवरची वीज

दोन वर्षांत माझ्या पत्नीने आमच्या द्वारकेतील घराचा उंबरठा फक्त रुग्णालयात जाण्यासाठी ओलांडला होता. फुफ्फुसांच्या व्याधीने तिचा श्वास एका यंत्राशी बांधला गेला. हवेतून प्राणवायू वेगळा काढून तो नाकातील नळीवाटे देणारे हे यंत्र आमच्या शयनगृहात अहोरात्र घरघरत असते. एक छोटा सिलिंडर सोबतीला असतो, परंतु तो तास-सव्वा तासच पुरतो. म्हणजे जिथे अखंड वीज तिथेच तिचे जग, असा हिशेब झाला होता, आणि ते जग तीन खोल्यांचे होते.

तिच्या माहेरी एक कुळाचार आहे. संक्रांतीला घरातील सर्वांची पाने वाढून झाली की एक पान वेगळे वाढतात. पानिपतावर गेलेल्या आणि परत न आलेल्या एका पूर्वजाचे ते पान. त्याचे नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. तीळ, गूळ, मूठभर भात आणि शेवटी पाण्याची धार, एवढेच त्याला द्यायचे. मला दिल्लीतील शाळेत संस्कृत शिकवण्याची नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो, त्या वर्षी ती म्हणाली, "आता ते पान दारात कशाला मांडायचं? तो आहे तिथेच नेऊ की." तेव्हापासून दर संक्रांतीला आम्ही पानिपतला, काला अंबच्या स्मारकाशी जात आलो. कधी रेल्वेने, कधी हरियाणाच्या बसने, एकदा तर भर धुक्यात ट्रकच्या केबिनमध्ये बसून. आजारपणामुळे दोन वर्षे त्यात खंड पडला. त्याविषयी ती तक्रार करीत नसे. मात्र गेल्या संक्रांतीला तिने ते पान वाढून गॅलरीत ठेवले आणि संध्याकाळपर्यंत ते उचलू दिले नाही. तेव्हा मला कळले की हा खंड तिला श्वासापेक्षा जड जातो आहे.

आमचे जावई सैन्यात वाहने चालवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करीत होते. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून भरती झालेले, निवृत्तीनंतर दिल्लीतच राहिलेले. काही महिन्यांपूर्वी त्यांनी एक जुनी मिनीबस विकत घेतली. आधीच्या मालकाने तिचे चाकांवरचे घर करून घेतले होते: मागे पलंग, मध्ये छोटा ओटा, डोक्यावर कपाटे, बाहेरच्या अंगाला छत्रीसारखी उघडणारी ताडपत्री. ती गाडी पाहिल्या दिवशी जावई मला म्हणाले, "बाबा, ह्यात आईंचं मशीन चालतंय. गाडी चालू असली की इंजिन बॅटरी भरतं, इन्व्हर्टर त्या बॅटरीवरून घरच्यासारखी वीज करतो. ह्या संक्रांतीला आईंना पानिपत दाखवतो."

डॉक्टरांनी बराच विचार करून अनुमती दिली, पण एका अटीवर: वाटेत यंत्र एक क्षणही थांबता कामा नये, आणि निघण्यापूर्वी ते गाडीतल्या पलंगाशी अर्धा तास चालवून पाहावे. ते चालले नाही तर प्रवास नाही. आम्ही गाडीसाठी तसेच दुसरे यंत्र भाड्याने आणले. आदल्या संध्याकाळी मी गाडीची यथासांग पूजा केली. आणि संक्रांतीचा दिवस उजाडला.

आमचे घर पहिल्या मजल्यावर आहे आणि गॅलरीखालीच वाहनतळ आहे. नळी लांब असल्यामुळे पत्नी गॅलरीपर्यंत येऊ शकते. सकाळी सात वाजल्यापासून ती काठपदराचे पातळ नेसून, त्यावर स्वेटर आणि शाल घेऊन, पायांत बूटसुद्धा घालून तिथे खुर्चीवर बसली होती. मांडीवर केळीच्या पानाची गुंडाळी होती. खाली धुके इतके दाट होते की तिला गाडीचा फक्त टप दिसत असावा.

नऊच्या सुमारास जावयांनी सोसायटीच्या वाहनतळातील विजेच्या पॉइंटपासून गाडीपर्यंत जाड केबल ओढली, यंत्र पलंगाशी ठेवले, सॉकेटमध्ये पिन घातली आणि बटण दाबले. काहीच झाले नाही. त्यांनी पिन काढून ओट्यावरच्या सॉकेटमध्ये घातली. तिथेही काही नाही. केबल बाजूला ठेवून त्यांनी इन्व्हर्टर चालू केला. तरीही यंत्र गप्प.

"अहो," वरून आवाज आला, "मला घरघर ऐकू येत नाही."

"पाहतो आहोत," मी म्हणालो.

"पाहताय की शिकवताय?"

आमच्या कन्येला हसू आवरले नाही. ती दिल्लीतच वाढली. तिच्या मराठीत हिंदी आपोआप येते आणि मी ते दुरुस्त करणे बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिले आहे. ती म्हणाली, "आई, दोन मिनिट रुक ना. बाबा आत्ताच आलेत, अजून लेक्चर चालू नाही झालं."

जावई मात्र हसत नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले, "बाबा, छतावरचे दिवे लागतायत, पंखा फिरतोय, ते थेट बॅटरीवर आहेत, पण एकाही प्लगला करंट नाही. इन्व्हर्टर गेलाय बहुतेक. उत्तमनगरचं दुरुस्तीचं दुकान अकराला उघडतं. पण अकराच्या आत निघालो नाही तर संध्याकाळचं धुकं पडायच्या आत परत येणं होत नाही. आईंना धुक्यात हायवेवर अडकवायची माझी तयारी नाही." मग म्हणाले, "काय सांगू त्यांना?"

मी गॅलरीकडे पाहिले. धुक्यातून तिचा चेहरा दिसत नव्हता, पण मांडीवरचे हिरवे पान दिसत होते. "अजून काही सांगू नका," मी म्हणालो. "पावणेदोन तास आहेत."

विजेच्या शास्त्रात माझी गती नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु तारुण्यात पाठशाळेत आम्हाला न्यायशास्त्राचा प्राथमिक पाठ दिला गेला होता आणि त्यातील अन्वय-व्यतिरेक ही रीत गुरुजींनी आमच्या हाडांत भिनवली होती. रीत सोपी आहे. जे असताना कार्य घडते आणि जे नसताना घडत नाही, ते कारण. मनाला वाटले म्हणून कुणाला कारण ठरवायचे नाही. एकेक गोष्ट ठेवून पाहायची, एकेक काढून पाहायची, आणि प्रत्येक वेळी काय घडले ते शांतपणे बघायचे. गुरुजी घाई करणाऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन बसवीत. मी पुष्कळदा बसलो आहे.

"जावईबुवा," मी म्हणालो, "इन्व्हर्टरचा दोष अजून सिद्ध झालेला नाही. त्याला शिक्षा देण्याआधी सगळ्यांची साक्ष काढू. सुरुवात यंत्रापासून. तेच बिघडले नाही ना?"

त्यांनी यंत्र उचलून थेट वाहनतळाच्या पॉइंटला लावले. ते घरघरू लागले.

"आली! आली घरघर!" वरून आनंदाने हाक आली.

"आई, ते बाहेर लावलंय," कन्येने सांगितले.

"बरं, बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा खुर्चीला टेकल्याचा आवाज आला.

यंत्र निर्दोष. पुढची साक्ष केबलची. कन्येने घरातून टेबलावरचा दिवा आणला. केबलच्या गाडीकडील टोकाला लावताच तो लख्ख पेटला. केबलही निर्दोष. ती परत गाडीच्या अंगावरच्या खोबणीत बसवली, तेव्हा सीटखालील बॅटरी भरणाऱ्या चार्जरचा हिरवा दिवा लागला. म्हणजे बाहेरची वीज गाडीच्या पोटात नक्की पोहोचत होती. आता इन्व्हर्टर. त्याच्या छोट्या काचेवर आकडे उमटत होते. जावयांनी त्याच्या बाहेर जाणाऱ्या तारेला टेस्टर टेकवला तर टेस्टरातील तांबडा ठिपका चमकला.

"च्यायला," ते म्हणाले आणि लगेच जीभ चावली, "माफ करा बाबा. पण हा तर चालू आहे."

"चालू आहे," मी म्हणालो. "दोन झरे आहेत, एक बाहेरचा आणि एक बॅटरीचा. दोन्ही जिवंत आहेत आणि दोन्ही वेळा शेत कोरडेच राहते. मग अडथळा कुठे असेल?"

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम प्रकाश पडला. "दोन्ही जिथं मिळतात त्याच्या पुढं!"

उत्तमनगरला जाण्याचा विषय तिथेच संपला. चालकाच्या आसनामागे वीजवाटपाची मुख्य पेटी होती. तिच्यातील सगळ्या कळा वर होत्या आणि बाहेर पडणाऱ्या तारेशी टेस्टर पेटत होता. पलंगाशी मात्र पेटत नव्हता. म्हणजे पेटी आणि पलंग यांच्यामध्ये कुठेतरी. गाडीचा नकाशा आमच्यापाशी नव्हता, कारण आधीच्या मालकाने तो दिला नव्हता आणि जावयांनी मागितला नव्हता. मी चष्मा पुसला आणि मुख्य पेटीतून निघालेल्या पांढऱ्या नळीवर बोट ठेवले. बोट न उचलता मी तिच्यामागून निघालो. ती खिडकीखालून गेली, ओट्यामागे वाकली, फळीच्या कडेने वर चढली आणि पलंगावरच्या कपाटात शिरली. कपाटात आदल्या दिवशी कन्येने आईसाठी चार रजया ठासून भरल्या होत्या.

"त्या काढ," मी म्हणालो.

"बाबा, त्या घुसवायला मला अर्धा तास लागला होता यार!"

"काढायला तेवढा लागणार नाही."

रजया पलंगावर आल्या. कपाटाच्या मागच्या भिंतीवर तळहाताएवढी एक चौकोनी पेटी दिसली. तीत एकच कळ होती, शेजारी पिवळे बटण होते, आणि कळ खाली पडलेली होती.

"अरे!" कन्या ओरडली. "हे इथे कधीपासून आहे?"

जावई आत वाकून हसू लागले. "लीकेजवाला ब्रेकर! बाबा, तारेतली वीज कुठं बाहेर गळायला लागली ना, कुणाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून, की हा पडतो. माणूस वाचतो. मला माहीतच नव्हतं ह्या गाडीत हा आहे." त्यांनी कळ वर केली. खट् असा आवाज झाला आणि ती पुन्हा खाली आली. पुन्हा वर, पुन्हा खट्. सगळ्या सॉकेटमधल्या पिना काढून टाकल्या, तरी खट्.

घड्याळात पावणेदहा वाजत होते. वरून खोकल्याची एक उबळ ऐकू आली आणि मग ती म्हणाली, "होत नसेल तर राहू दे हं. पान मी इथेच वाढीन." आवाज शक्य तितका सहज ठेवलेला होता.

जावयांनी खिशातून पक्कड काढली. "ब्रेकरच खराब झालाय. ह्याला बायपास करतो, तार सरळ जोडून टाकतो. पाच मिनिटांचं काम. पलटणीत असं लई वेळा केलंय."

"आईचं मशीन बायपासवर?" कन्येने विचारले. पक्कड हवेतच थांबली.

"जावईबुवा," मी म्हणालो, "हा दारावरचा रखवालदार आहे. त्याने तीन वेळा दार लावून घेतले. त्याला हाकलून देण्याआधी एवढे तर विचारू की त्याने कुणाला पाहिले."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पक्कड खिशात ठेवली आणि म्हणाले, "जी. बोला, कसं विचारायचं?"

"ह्याच्यापुढे किती वाटा जातात?"

त्यांनी पेटीचे झाकण उघडले. "तीन. पलंग, ओटा, आणि एक बाहेरचा, ताडपत्रीखालचा."

"मग तिन्ही सोडवा. एकेक जोडा आणि एकेक पाहा."

हे काम त्यांचेच होते. मी त्यात हात घातला नाही. त्यांनी बाहेरची केबल काढली, इन्व्हर्टर बंद केला, टेस्टरने दोनदा खात्री केली आणि तिन्ही वाटांच्या तारा पेटीतून सोडवल्या. मग फक्त पलंगाची वाट जोडून केबल लावली आणि कळ वर केली. आम्ही तिघांनीही श्वास रोखला. कळ वरच राहिली. पुन्हा सारे बंद करून ओट्याची वाट जोडली. कळ वरच. पुन्हा बंद करून बाहेरच्या सॉकेटची वाट जोडली.

खट्.

"काढा," मी म्हणालो. त्यांनी काढली. कळ वर राहिली. "जोडा." खट्. "काढा." राहिली. ते असताना पडते, ते नसताना पडत नाही. पाठशाळेच्या ओसरीवर इतक्या वर्षांपूर्वी घोकलेला नियम त्या पत्र्याच्या कपाटात माझ्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष उभा राहिला, आणि मी वय विसरून टाळी वाजवली.

"सापडला!" जावई ओरडले. "बाहेरचाच! आई, चोर सापडला!"

सर्व वीज पुन्हा बंद करून आम्ही तिघेही बाहेर आलो. धुके विरळ होऊन ऊन दिसू लागले होते. बाहेरच्या सॉकेटवर पावसापासून रक्षण करणारे एक झाकण असते. ते घट्ट बसलेले होते. मग आत पाणी शिरेल कसे, असे म्हणत जावयांनी ते उचलले.

आत तिन्ही छिद्रांच्या तोंडाशी ओले कुंकू होते. हळदीचा पिवळा ओघळ खालच्या कडेपर्यंत आला होता. एका छिद्रात एक अक्षत रुतून बसली होती.

ते तिथे कसे आले हे सांगण्याची जबाबदारी फक्त माझी होती. आदल्या संध्याकाळी मी गाडीची पूजा करीत होतो. चाके झाली, आसन झाले, दिवे झाले. मग माझी दृष्टी त्या झाकणावर गेली. वीज हे अग्नीचेच अंतरिक्षातील रूप, असे मी आयुष्यभर शिकवत आलो. पत्नीच्या श्वासाचा भार ज्या देवतेवर आहे तिचे मुख झाकलेले राहावे आणि आपण वरवरचा टिळा लावून पुढे जावे, हे मनाला पटेना. म्हणून मी झाकण उचलले, आत गंध, हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या, आंब्याच्या पानाने तीर्थ शिंपडले, हात जोडले आणि झाकण पुन्हा नीट लावले. माझ्या भक्तीनेच ती ओल रात्रभर आत कोंडून ठेवली.

"हे माझे काम आहे," मी म्हणालो. "काल पूजेत मी हे उघडले होते."

जावई खाली पाहत होते. त्यांना हसायचे होते आणि सासऱ्यासमोर हसायचे नव्हते.

"काय सापडलं? बोलत का नाही कुणी?" वरून विचारणा झाली.

मी मान वर केली. धुके गेल्याने आता ती स्वच्छ दिसत होती, कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी. "माझी पूजा सापडली," मी म्हणालो. "सॉकेटच्या आत तीर्थ शिंपडले होते मी."

ती हसू लागली. इतके हसली की कन्या घाबरून "आई, आधी बस!" असे ओरडली. बसूनही ती हसतच होती. "इतकी वर्षं सांगतेय, पूजा थोडक्यात उरकत जा म्हणून," ती म्हणाली. "देवाला नाही तर नाही, विजेला तरी पटलं माझं!"

तेव्हा मात्र जावयांचा बांध फुटला. ते ताडपत्रीचा खांब धरून हसले, आणि मीही हसलो.

हसू ओसरल्यावर मनात जे राहिले ते लिहिले पाहिजे. यज्ञकुंडावर पाणी ओतणाऱ्या विद्यार्थ्याला मी कधी क्षमा केली नसती. प्रत्येक देवतेला तिच्या प्रकृतीला रुचेल तोच उपचार द्यावा, हा पूजेचा पहिला धडा. अग्नीला तूप, सूर्याला अर्घ्य. झाकण घट्ट लावून, कोरडे ठेवून, योग्य अंतरावरून केलेला नमस्कार हीच त्या देवतेची पूजा होती, आणि तिचे शास्त्र मला येत नव्हते. भक्ती खोटी नव्हती, विधी चुकला होता. आणि माझ्या चुकीपासून पत्नीला वाचवण्यासाठी त्या अंधाऱ्या कपाटातला तो रखवालदार सकाळपासून दार धरून उभा होता. आम्ही त्यालाच आंधळा ठरवून काढून टाकणार होतो.

जावयांनी बाहेरच्या सॉकेटची वाट पेटीतून पूर्ण वेगळी केली, तिच्या तारांची टोके नीट बंद केली आणि सॉकेटचे झाकण उघडे ठेवून ते उन्हात वाळू दिले. परत आल्यावर नवे बसवू, तोवर त्याचा आमच्याशी संबंध नाही, असे त्यांनी जाहीर केले. मग पलंगाची आणि ओट्याची वाट जोडून कळ वर केली. ती राहिली. त्यांनी पिवळे बटण दाबून दाखवले. कळ पडली. "हे बघा बाबा, रखवालदार जागा आहे." पुन्हा वर केली, राहिली. केबल काढून इन्व्हर्टरवर आणली, राहिली. कन्येने यंत्राची पिन पलंगाच्या सॉकेटमध्ये घातली.

यंत्राने एक लांब शीळ घातली आणि घरघर सुरू झाली.

"आता बाहेर नाही ना लावलंय?" वरून संशय व्यक्त झाला.

"आत, आई! पलंगाशी! बिल्कुल आत!"

डॉक्टरांचा अर्धा तास बाकी होता. माझ्या नित्यपाठाला तेवढाच वेळ लागतो. मी पलंगाच्या कडेला बसून पाठ म्हणू लागलो, आणि जावयांनी गाडी सोसायटीभोवती फिरवायला घेतली. वाटेतला एकही गतिरोधक त्यांनी सोडला नाही. काही तर मुद्दाम वेगाने घेतले. माझे दात एकमेकांवर आपटत होते, अक्षरे तुटत होती, पण यंत्राच्या घरघरीत एकही खंड पडला नाही. फाटकाशी बसलेल्या चौकीदाराने आम्हाला पाचव्यांदा जाताना पाहून सलाम ठोकला.

पावणेअकराला आम्ही तिला खाली आणले. घरच्या यंत्रापासून सिलिंडरवर, सिलिंडरवरून गाडीतल्या यंत्रावर, असा तिचा श्वास हाती हात देत पोहोचला. पलंगावर बसल्यावर तिने नाकातली नळी नीट केली, दोन दीर्घ श्वास घेतले, छताकडे, ओट्याकडे, खिडकीकडे पाहिले आणि म्हणाली, "निघायचं का? की अजून कशाची पूजा राहिलीय?"

आम्ही निघालो. सोनीपत मागे पडेपर्यंत तिने खिडकीवरून डोळे हलवले नाहीत. मोहरीची पिवळी शेते, वीटभट्ट्यांची धुराडी, उसाने भरलेल्या ट्रॉल्या, ढाब्यांच्या पाट्या. दोन वर्षे न पाहिलेले ती सारे मोठ्याने वाचत होती. "अहो, हा पूल नवा आहे," "अगं, इथे चहा प्यायचो आम्ही," असे चालले होते. तिच्या वाक्यांत अधूनमधून श्वासासाठी थांबे होते, पण वाक्य एकही सोडून दिले नाही.

काला अंबला नेहमीप्रमाणे मराठी माणसांची गर्दी होती. छावणीतले जवान सहकुटुंब आले होते. दिल्लीतील राजेंद्रनगरच्या अभ्यासिकांतून आलेली, स्पर्धापरीक्षा देणारी मुले-मुली होती. जावयांनी गाडी शक्य तितकी जवळ लावली. तिथून सिलिंडर सुरू केला आणि तो त्यांनी स्वतः खांद्याला अडकवला. कन्येने आईचा हात धरला. स्तंभाजवळ पोहोचायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण ती प्रत्येक दहा पावलांवर थांबत होती. लोक आपोआप बाजूला होत होते.

तिने पान स्तंभाच्या कठड्याशी मांडले. तीळ ठेवले, गूळ ठेवला, भात ठेवला. खाली वाकणे तिला जमेना म्हणून तिने पाण्याचा तांब्या माझ्या हाती दिला, पण माझे मनगट स्वतःच्या हातात धरून ठेवले, आणि धार आम्ही दोघांनी मिळून सोडली. तिने त्या निनावी माणसाला हळूच सांगितले, "दोन वर्षं चुकली. यंदा आले."

मग ती सरळ उभी राहिली. शेजारी एका जवानाची आई उभी होती. तिने पुढे होऊन हिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला, माय," ती म्हणाली. हिने तो तोंडात घातला आणि चघळत म्हणाली, "आज तर मी ओरडूनसुद्धा बोलणार आहे."

गाडीत परतल्यावर पुन्हा यंत्र सुरू झाले. कन्येने गुळाची पोळी वाढली आणि जावई परतीच्या वाटेचा हिशेब सांगू लागले: इतक्या वाजता निघालो तर इतक्या वाजता द्वारका, धुक्याच्या आधी. हिने पोळीवर तुपाची आणखी एक धार मागून घेतली आणि पलंगाला टेकून विचारले, "इथून कुरुक्षेत्र किती लांब आहे हो?"

जावई म्हणाले, "सव्वा-दीड तास, आई. पण परत यायला रात्र होईल."

"परत आजच यायचं असं कोण म्हणालं? रजया चार आहेत, पोळ्या आहेत, मशीन चालतंय." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही इतकी वर्षं मुलांना शिकवत आलात त्या भूमीविषयी. मला कधी नेलंत का?"

नेले नव्हते. मी तसे कबूल केले.

जावयांनी क्षणभर कन्येकडे पाहिले, फोन काढला आणि कुणाशी तरी मोठ्याने हिंदीत बोलले. फोन ठेवून ते म्हणाले, "माझ्या पलटणीतला एक दोस्त तिथं राहतो. म्हणतो, गाडी अंगणात लावा, रात्रभर घरातून तार देतो. चलो मग?"

"डॉक्टरांना विचार आधी," मी कन्येला म्हणालो.

तिने विचारले. डॉक्टरांनी तिच्याकडून आईच्या रक्तातील प्राणवायूचा आकडा ऐकला, रात्री यंत्र कुठे लावणार ते विचारले, आणि होकार दिला. पत्नीने तोपर्यंत शाल घट्ट लपेटून खिडकीकडे तोंड केले होते. जावयांनी इंजिन सुरू केले, गाडी महामार्गावर आणली आणि दिल्लीकडे न वळता उत्तरेकडे घेतली.